माझ्या जागी बसलेली लाल स्प्रिंग

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. गादीतली नव्हे, पेनातली तर नव्हेच. एका बुटक्या, चपळ, दोन दारांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर मी कित्येक वर्षे उभी होते. गाडीचा आणि माणसांचा भार अंगावर घ्यायचा आणि रस्त्यातले खड्डे आत बसलेल्यांपर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत, हे माझे काम. हे काम नीट झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या साऱ्या दुखण्याचे मूळ तेच आहे.

गाडीत कौतुक व्हायचे ते इतरांचे. इंजिनाचा आवाज ऐकायला लोक बोनेट उघडून कान लावत. टायर नवे घातले की त्यांचा फोटो निघे. साधा गिअरचा दांडा, पण त्याच्या डोक्यावर कातडी टोपी चढवली तेव्हा आल्यागेल्याने तिच्यावरून हात फिरवून पाहिला. मी मात्र मडगार्डच्या अंधारात चिखल खात उभी. चाकामागे कोणी वाकून पाहिलेच, तर ते मांजर शोधायला. मी आतल्या आत जळायचे. हे तुम्हांला आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीकत बरीचशी या जळण्याचीच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. करंगळीएवढी जाड पोलादी सळई भट्टीत लाल होईपर्यंत तापवली, गोल रुळावर गुंडाळली आणि तेलात बुडवली. मग अंगावर बारीक छर्ऱ्यांचा मारा झाला. त्याने पोलाद चिवट होते म्हणतात. शेवटी एका यंत्राने मला पार चपटी होईपर्यंत दाबले आणि सोडून दिले. ज्या स्प्रिंगा पुन्हा तेवढ्याच उंच उभ्या राहिल्या त्या पुढे गेल्या, बाकीच्या परत भट्टीत. मी उभी राहिले. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही उभी राहिली. आम्हां दोघींना काळा रंग दिला आणि एकाच गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर बसवले. बहीण स्वभावाने शांत. तिला कधी कोणाचे काही वाटले नाही. मला तिच्या या शांतपणाचाही हेवा वाटे.

ती गाडी घेतली थोरलीने. थोरली म्हणजे दोन बहिणींतली मोठी. दातांचे डॉक्टर ज्यांच्याकडून कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवून घेतात, अशा एका लॅबमध्ये ती काम करायची. केसभर चूक चालत नाही असे ते काम. गाडीतही ती तशीच बसायची: आधी पर्स शेजारच्या सीटवर, मग स्वतः, हळूच, जणू गाडीला झोप लागली आहे. धाकटीचे सारेच उलटे. ती गाडीत बसायची नाही, पडायची. ती एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत असे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून शिकाऊ माणसांच्या चुकांवर स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, आणि तोंडाने मात्र 'छान, छान' म्हणायचे. रविवार आला की ती थोरलीकडून किल्ली मागून घ्यायची आणि गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर जायची. तिथे शंकू मांडून शर्यत होई. एका वेळी एकच गाडी, समोर फक्त घड्याळ.

मित्रांनो, ते रविवार माझे होते. उजव्या वळणाला गाडीचा सगळा भार डावीकडे येतो, म्हणजे माझ्यावर. डावे वळण बहिणीचे. धाकटीचा हात इतका सफाईदार की भार अंगावर कधी आला आणि कधी उतरला ते कळूही नये. मी खाली दबायचे, थोडा श्वास धरायचे आणि पुन्हा वर यायचे. एका रविवारी ती पहिली आली. काचेचा लहानसा चषक तिने डॅशबोर्डवर ठेवला आणि येताना सारा रस्ता मोठ्याने गात आली. मी त्या चषकावर दात खाऊन होते. वळणे मी सोसली आणि मिरवतोय तो!

पण जळणारी मी एकटी नव्हते. गाडीत बोललेले सगळे पत्र्यातून खाली झिरपते, म्हणून मला हे कळले. थोरली आईला कुठेशी घेऊन निघाली होती. वाटेत ती सांगत होती की लॅबमध्ये एक डॉक्टर आले, खिडकीतून गाडी पाहिली आणि म्हणाले, ही त्या शर्यत जिंकलेल्या मुलीची गाडी ना, तुम्ही तिच्या कोण?

"गाडी माझ्या नावावर, आणि मी तिची कोण म्हणे," थोरली म्हणाली.

आई हसली. घरातल्याच पोरीचे कौतुक आहे, त्यात मनाला काय लावून घ्यायचे, असे म्हणाली. पण उतरताना थोरलीने दार असे लावले की माझ्यापर्यंत दणका आला. इतक्या वर्षांत तिने कधी दार आपटले नव्हते. मला आत कुठेतरी बरे वाटले. आपल्यासारखेच कोणीतरी आहे, असे वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरलीने गाडी मामाच्या गॅरेजमध्ये नेली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आडव्या अंगाचा, हसतमुख. गिऱ्हाईक जे मागेल ते बसवून द्यायचे, ही त्याची रीत; 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. थोरलीने त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला. जमिनीला टेकल्यासारखी दिसणारी गाडी होती. मग तिने आमच्या टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला.

"माझी चार बोटं आत जातात, मामा. एकसुद्धा जायला नको."

मामाने डोके खाजवले. म्हणाला, बुटक्या स्प्रिंगा मिळतात, बसतीलही; जरा कडक वाटेल, पण दिसेल काय! मग त्याने सहज विचारले, धाकटीला विचारले आहेस ना?

"गाडी माझी आहे," थोरली म्हणाली.

मामा पाना घेऊन आला.

मला क्लॅम्पमध्ये आवळून खाली उतरवले, तेव्हा मी पहिल्यांदा तिला पाहिले. लालभडक, चकचकीत, माझ्याहून बुटकी. वेटोळी मोजकीच आणि त्यांतही तोरा. मामाने तिला फडक्याने पुसले. मला आजवर कोणी पुसले नव्हते. तिला माझ्या जागी, माझ्या शॉकअपवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या दांड्यावर, बसवले आणि नट घट्ट केला. घरात सवत यावी आणि आपल्याच हाताने आपल्या खोलीची किल्ली तिला द्यावी लागावी, तसे मला झाले. मागच्या चाकांवरच्या दोघी धरून आम्हां चौघींना मामाने मागच्या रॅकवर टाकले. माझ्या एका बाजूला ग्रीसचा रिकामा डबा, दुसऱ्या बाजूला जुळी बहीण. अंगावर कोणाचाच भार नव्हता. त्यामुळे आयुष्यात कधी नव्हते एवढी मी उंच उभी होते, आणि तेवढीच निरुपयोगी.

खाली गाडी काय दिसत होती! ते खोटे कसे बोलू? जाणारी माणसे थांबून पाहायची. शेजारचा पंक्चरवाला हातातले काम टाकून आला. थोरली गाडीला टेकून उभी राहिली आणि मामाने जमिनीवर पालथे पडून तिचे फोटो काढले. लोक वाकून चाकांच्या आत बघत आणि म्हणत, अरे वा, लाल स्प्रिंगा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या काळोखात माझे अख्खे आयुष्य गेले, तिथे हिला पाहायला लोक वाकतात?

बहीण म्हणाली, "जाऊ दे ना." मी तिच्याशी बोलणे टाकले.

रॅकवर मला दुसरे काम नव्हते. मनातल्या मनात मी त्या लाल स्प्रिंगला लाली म्हणू लागले आणि तिच्यावर बोटे मोडत बसले. गतिरोधकावर तिचे नाक घासो, अशी रोज मनात प्रार्थना. आणि घासलेही! गाडी बंपर खरवडून आली, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुन्हा आली, तेव्हा खालचा पत्रा वाकला होता. थोरली मामाला सांगत होती की लॅबच्या आवारात शिरताना आता गाडी तिरपी घ्यावी लागते आणि आई तर मागे बसायलाच तयार नाही, तिचे कंबरडे मोडते. मामा म्हणाला, सवय होईल. मी वरून मनात म्हटले, होणार नाही.

धाकटी या सगळ्यावर काय म्हणाली? काहीच नाही. ज्या दिवशी गाडी बदललेली पाहिली, त्या दिवशी तिने खाली वाकून पाहिले, उठली आणि घरात निघून गेली. थोरलीने हे मामाला सांगितले, तेव्हा तिचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. पुढच्या रविवारी मात्र धाकटीने नेहमीसारखी किल्ली मागितली आणि थोरलीने दिली. या वेळी थोरली स्वतः बघायला गेली. मामाही गेला.

धावपट्टीवर काय झाले, ते मी मामाच्या तोंडून ऐकले. तो ते पंक्चरवाल्याला सांगत होता. लांबच्या टोकाला एक उजवे वळण आहे. तिथे काँक्रीटच्या दोन लाद्या खालीवर झाल्या आहेत. माझ्या वेळी मी तिथे खोल दबून तो धक्का गिळत असे. लाल स्प्रिंग मुळातच बुटकी. तिच्यापाशी दबायला जागाच थोडी. गाडी खाली गेली आणि शॉकअपवरच्या रबरी ठोकळ्यावर आदळली. धक्का गिळायला कोणी उरले नाही, तो थेट टायरवर गेला आणि टायरने रस्ता सोडला. धाकटीने स्टिअरिंग वळवलेलेच होते, पण गाडी सरळ गेली, कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात. तिच्या खांद्याचे हाड मोडले.

गाडी ओढून आणली, तेव्हा थोरली बरोबर होती. गाडीत धाकटीचा एक बूट राहिला होता. थोरलीने तो उचलला आणि छातीशी धरला. मग आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन तिने तो पिशवीत घातला. मामा काहीतरी म्हणाला, तिने ऐकले नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. लाली फसली, हे सगळ्यांना दिसले होते. आणि आनंद झालाही. खोटे का सांगू? पण तो टिकला नाही. पडलेली, बूट हरवलेली धाकटी डोळ्यांपुढे आली. जिचा भार इतकी वर्षे मी अंगावर घेतला, ती कशी उठली असेल, हे मनातून जाईना. बहिणीने विचारले, आता बरे वाटते का?

बरेच दिवस गाडी तशीच उभी होती. मग एका सकाळी दोघी बहिणी आल्या. धाकटीचा हात गळ्यात बांधलेला. मामाने गाडी लिफ्टवर चढवून रबरी ठोकळे काढून दाखवले. दोन्ही चिरडून फाटले होते. मामाचा चेहरा उतरला. आपण विचार न करता बसवून दिले, असे तो म्हणाला आणि चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर गेला. दोघीच उरल्या.

"मला विचारायचं होतंस, ताई," धाकटी म्हणाली.

"विचारलं असतं तर गाडी पुन्हा तुझीच झाली असती."

धाकटी लिफ्टच्या खांबाला टेकली. मग म्हणाली, "माझी कधी होती गं? आठवडाभर मी लोकांच्या शेजारी बसते. आणि रविवारी तुझ्यापुढे हात पसरते. तू किल्ली देतेस ना, तेव्हा मला दर वेळी वाटतं, ही एवढी शांत कशी? हिला कसलीच कमी नाही."

थोरलीने मान वर केली. मला वाटते, आपलाही कोणी हेवा करत असेल हे तिच्या स्वप्नातही आले नव्हते. धाकटीच्या बुटाची नाडी सुटली होती. थोरलीने खाली बसून ती बांधून दिली, कारण धाकटीला एका हाताने बांधता येत नव्हती. मामा चहा घेऊन आला, तेव्हा दोघी फाटलेल्या ठोकळ्यावर डोके जोडून बसल्या होत्या.

"मामा, दाताची टोपी केसभर उंच राहिली ना, तर माणसाचा अख्खा जबडा दुखतो," थोरली म्हणाली. "आणि मी इथे बोटं घालून उंची ठरवली. आता मोजून घ्यायची."

मग जे झाले ते मी कधी पाहिले नव्हते. मामाने गोणी तोलायचे चार काटे मागून आणले आणि प्रत्येक चाकाखाली एकेक ठेवला. रिकामी गाडी तोलली. मग थोरली बसली, मग धाकटी, मग मागच्या सीटवर आईऐवजी मामा, आणि त्याच्या वजनाने काटा असा उडाला की दोघी हसत सुटल्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरून उंची मोजली. मग मामाने गाडीचे ठोकलेले नाक सरळ केले, नवे रबरी ठोकळे घातले आणि तुलना करायला म्हणून लाल स्प्रिंगा काढून आम्हांला परत बसवले.

परत! मी माझ्या जागेवर होते. लाली रॅकवर, ग्रीसच्या डब्याशेजारी. मी तिच्याकडे एक कटाक्ष टाकला. त्यात काय काय होते ते विचारू नका.

थोरलीने लॅबमधून गुलाबी मेण आणले होते. कवळ्या बनवताना वापरतात ते. शॉकअपच्या चकचकीत दांड्याभोवती तिने मेणाची बारीक चकती बसवली. स्प्रिंग जितकी दबेल, तितके मेण वर सरकेल आणि तिथेच राहील. म्हणजे भार किती खोल गेला ते कळेल. मग गाडी धावपट्टीवर नेली. धाकटीचा खांदा अजून दुखत होता, म्हणून स्टिअरिंगवर थोरली बसली आणि धाकटी शेजारी, तिच्या रोजच्या जागी.

"ताई, इथे माझ्याकडे ब्रेक नाही," ती म्हणाली. "तूच बघ."

थोरली आधी गोगलगायीसारखी गेली. धाकटी म्हणत होती: वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही; नजर पुढच्या शंकूवर; हात ढिले. हळूहळू थोरली मोकळी झाली. त्या उजव्या वळणावर ती जोरात आली. मी दबले, लाद्यांचा धक्का गिळला आणि वर आले. थोरली ओरडली, भीतीने नव्हे. मला वाटले, झाले, आता मला कोण हलवतो!

पण मेण खरे तेच सांगते. ते ठोकळ्यापासून पुष्कळ खाली थांबले होते. म्हणजे माझ्याकडे जागा भरपूर होती. गाडी मात्र वळणात माझ्यावर फार कलत होती. दोघींनी फटीत टेप धरला, काट्यांवरची वजने आठवली आणि ठरवले: माझ्याहून थोडी बुटकी, थोडी कडक स्प्रिंग घ्यायची, आणि तिला साजेसा शॉकअपही. पाय मोजल्याशिवाय बूट घ्यायचे नाहीत, तसे.

नवी आली ती राखाडी. अगदी साधी. कोणी थांबून पाहावे असे तिच्यात काही नव्हते. टायर आणि मडगार्डच्या मध्ये आता दोन बोटे सहज जात; गतिरोधकावर नाक घासत नसे; आई मागे बसली आणि झोपली. त्याच वळणावरून थोरली गाडी घेऊन आली, तेव्हा मेण ठोकळ्याच्या जरासे अलीकडे थांबले, जिथे थांबायला हवे तिथेच. रॅकवर परत गेल्यावर मी हे सगळे ऐकले आणि खरे सांगते, एवढी मी लालीवरही जळले नव्हते. लालीत खोट होती. त्या खोटीवर मी तग धरून होते. या राखाडीला नावे ठेवायला मी जागा शोधत राहिले आणि मला ती सापडली नाही.

धाकटीचा खांदा बरा झाल्यावर दोघी शर्यतीत उतरल्या, एकाच गाडीत, पाळीपाळीने. धाकटी दुसरी आली. थोरली शेवटून दुसरी, आणि तिने ते गॅरेजभर अभिमानाने सांगितले. किल्ल्या आता दोन आहेत.

आणि मी? मामाकडे एक दिवस एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांच्याकडे आमच्याच जातीची गाडी होती, माझ्यापेक्षाही म्हातारी. तिची पुढची स्प्रिंग गंजून शेवटच्या वेटोळ्यात तुटली होती. मामाने सवयीप्रमाणे लाल दाखवली. गृहस्थ म्हणाले, नको, होती तशीच हवी. बायकोच्या मांडीवर रोपांचे ट्रे असतात, ते सांडता कामा नयेत. मामाने माझ्यावरची धूळ फुंकली, गंज घासला, रंगाचा एक हात दिला आणि मला आणि बहिणीला तिथे बसवले. बहिणीशी मी तेव्हाच बोलले. ती म्हणाली, बरे झाले, मला कंटाळा आला होता.

आता मी रोपवाटिकेतून घरी आणि घरून रोपवाटिकेत जाते. आजोबा गाडी इतकी सावकाश चालवतात की मागचे लोक हॉर्न वाजवतात. आजींच्या मांडीवर ओल्या मातीचा वास असतो आणि वळणावर एकही रोप कलंडत नाही. कधी शेजारून एखादी बुटकी गाडी सुसाट निघून जाते. तेव्हा माझ्या पोटात अजून दुखते. गेले नाही ते. जाईल असे वाटतही नाही. पण मातीचा ट्रे मांडीवर असताना जास्त वेळ जळत बसता येत नाही. लक्ष कामाकडे ठेवावे लागते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, तर एवढे करा. पावसापाण्यात फिरून आलात की चाकांच्या आत पाण्याचा एक फवारा मारा. चिखलाने आम्ही गंजतो. आमचा रंग उडाला तर पुन्हा लावा. स्प्रिंग बदलायची झालीच, तर फोटो बघून बदलू नका. कोण बसणार, किती वजन येणार, रस्ता कसा, दबायला जागा किती, हे आधी मोजा. आणि ती गाडी घरात आणखी कोणी चालवत असेल, तर पाना हातात घेण्याआधी त्याला विचारा. त्याला काय हवे, हे ऐकायला मन तयार नसेल, तेव्हा तर नक्कीच विचारा.